आप्पांनी धरलेला तोल

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सकाळी तोंडाला फडकं बांधून जायची. दिवस मावळताना परत आली की आधी दारातच खोकून घ्यायची, लुगडं झटकायची, मग आत यायची. तरी आम्ही पोरं शिंकायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडीवान. गाडी दुसऱ्याची, बैलही दुसऱ्याचेच. आसपासच्या खेड्यांतनं तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाले गठ्ठे, भरायची आणि वखारीत आणून उतरवायची. एकेक बोद माणसापेक्षा जड. पावसाळ्यात गाडीला काम नसायचं, मग आंबिलीवर दिवस निघायचे. थोरल्या आक्काला सातवीतनं काढून आईबरोबर वखारीत घातली आणि मला शाळेत ठेवलं. ती हुशार होती, माझ्यापेक्षा जास्तच. पण दोघांना शिकवणं होणार नव्हतं आणि ती मुलगी होती, एवढाच हिशेब. हे मी कधी विसरलो नाही आणि कुणी विसरायला सांगितलं तर मला राग येतो.

मी शिकलो. बेळगावात शहापुरात एका विणकराच्या माडीवर खोली घेऊन राहिलो. खाली दिवसभर माग खडखडायचे आणि वर मी फिजिक्स पाठ करायचो. बी.एस्सी. झालो, पहिल्या झटक्यात झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मोठेपणा सांगतोय असं वाटलं तर वाटू दे.

सत्तरचं दशक सरता सरता मला एका खत कंपनीत फिरतीची नोकरी लागली. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या भागात शेतकऱ्यांना भेटायचं, दुकानदारांना भेटायचं, शेतात जाऊन पीक बघायचं. त्यासाठी कंपनीनं मोटारसायकल दिली. ती दारात लागली त्या दिवशी आईनं चाकाला हळदकुंकू लावलं. आप्पांनी टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाले, "हिला वैरण लागत न्हाय, ही एक बरं हाय."

दोन वर्षं मी ती गाडी तवंदीच्या घाटातनं आठवड्यात चार-पाच वेळा नेत होतो. निपाणीकडं उतरताना तिथं एकामागनं एक वळणं येतात. कुठं ब्रेक सोडायचा, कुठं गाडी किती झुकवायची, सगळं हाताला पाठ होतं.

मग ते जानेवारीतलं बारसं. आक्का येळ्ळूरला दिलेली. तिच्या धाकट्याच्या बारशाला मी आप्पांना मागं बसवून घेऊन गेलो. जाताना रस्ता चढाचा, गाडी सावकाश, काही झालं नाही. परत येताना दुपार झाली होती. तवंदीचा घाट उतरायला लागलो, पहिली दोन वळणं गेली. तिसरं उजवीकडचं. मी नेहमीसारखी गाडी उजवीकडं झुकवली आणि ती झुकेचना. कुणीतरी मागनं धरून उभी करावी तशी ती सरळ उभी राहिली आणि वळायचं सोडून नाकासमोर डाव्या कडेला निघाली. कडेला खडी होती. पुढचं चाक घसरलं आणि आम्ही दोघं दगडी कठड्याला घासत जाऊन थांबलो. कठड्यापलीकडं दरी.

माझ्या डाव्या खांद्याचं, गळ्याजवळचं हाड मोडलं. आप्पांचं कोपर खरचटलं, धोतर फाटलं. बाकी ते ठणठणीत. मी खडीत पडून विव्हळत होतो, आणि आप्पा उभं राहून दरीत डोकावून बघत होते.

"मी तोल धरला म्हणून वाचलास," ते म्हणाले.

हे वाक्य मी पुढचे तीन महिने ऐकत राहिलो. हात गळ्यात बांधून मी बाहेरच्या सोप्यात बसलेला, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा सांगतायत, "गाडी कलली. ह्याच्या काय ध्यानात न्हाय. म्या झटक्यानं दुसऱ्या अंगाला अंग टाकलं. न्हायतर गेलतो दोघंबी खाली." माणसं माना डोलवायची आणि माझ्याकडं बघायची. चहाच्या टपरीवर तर एकानं तोंडावरच सांगितलं, "सायेब, फटफटी देऊन टाका कंपनीला. बैलगाडी घ्या. हाकायला आप्पा हायतच."

का पडलो तेच मला कळलं नव्हतं. वेग जास्त नव्हता. रस्ता कोरडा होता. तेच वळण मी शेकडो वेळा घेतलेलं.

कळलं ते आप्पांच्या बैलगाडीत. हात अजून झोळीतच होता, घरात बसून वीट आला होता, म्हणून एकदा त्यांच्याबरोबर गाडीतनं जवळच्या खेड्याला निघालो. वाटेत डावं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी डावीकडं कलली. आप्पा कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलत होते. बोलणं न थांबवता, खाली न बघता, ते साटीवरनं, म्हणजे गाडीच्या फळ्यांवरनं, सरकून उजव्या कडेला जाऊन बसले. गाडी सावरली. ते परत मध्ये आले. म्हैस चालूच.

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. गाडी कलली की विरुद्ध बाजूला जायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि बैलगाडीत तेच बरोबर आहे, न केलं तर बोदांसकट गाडी उलटते. पण मोटारसायकल वळताना झुकावीच लागते. ती उजवीकडं झुकली, आप्पांच्या अंगाला वाटलं गाडी कलली, आणि त्यांनी सगळं वजन डावीकडं टाकलं. पहिल्या दोन वळणांनाही टाकलं असेल, पण ती सोपी होती. तिसऱ्यानं पाडलं.

आता ह्यात गंमत अशी की कारण कळूनही मला काडीचा उपयोग झाला नाही. मार्चच्या शेवटी हात मोकळा झाला. मी एकटाच गाडी घेऊन घाटावर गेलो. मागं कोणी नाही, तोल बिघडवणारं कोणी नाही, सगळं शास्त्र मला माहीत. आणि उतरताना पहिलं उजवं वळण आलं तसे माझे दोन्ही हात लाकडासारखे ताठ झाले. गाडी झुकवायची म्हटलं की अंग उलटं ओढायचं. आप्पांसारखंच! मी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि सगळी वळणं गाडी हातानं धरून चालत उतरलो. एका ट्रकचा क्लीनर बाहेर लोंबकळत ओरडला, "काय सायेब, फिरायला आणलाय व्हय तिला?" मी त्याला जी शिवी दिली ती कॉलेजात शिकलेली नव्हती.

मग मी घाट टाळायला लागलो. निपाणीहून संकेश्वरला जायला चिक्कोडीचा वळसा घालायचो. अर्धा दिवस रस्त्यातच जायचा, शेतकरी वाट बघून निघून जायचे. बेळगावच्या ऑफिसात आमचे साहेब धारवाडकडचे. माझी डायरी बघून त्यांनी चष्मा काढला.

"याक्री? चिक्कोडीहून कशाला? घाट बंद आहे काय?"

मी खरं सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बघा, जूनमध्ये पेरणी. त्याच्या आत फिरती नीट सुरू करा. जमत नसेल तर सांबऱ्याच्या रस्त्याला आपलं गोडाऊन आहे, तिथं घेतो तुम्हाला. पगार तोच."

पगार तोच. घरी, गल्लीत, सगळे तेच म्हणाले. पगार तोच, सावलीतली नोकरी, पडायची भीती नाही, मग कुठं दुखतंय? मला कुठं दुखत होतं ते कुणाला सांगून पटत नव्हतं. आई वखारीत, आक्का लग्नापर्यंत वखारीत, आणि बी.एस्सी. होऊन मी खताच्या वखारीत पोती मोजत बसायचं. आक्काची शाळा ह्यासाठी सोडवली होती काय?

अशा डोक्यानं मी एका संध्याकाळी घरी आलो, तर सोप्यात वखारीतले दोघे बसलेले आणि आप्पा सुरू. "म्या तोल धरला म्हणून—"

"तुम्ही तोल धरला म्हणूनच पडलो, आप्पा!" मी ओरडलो. "गाडी वळायला झुकली होती. तुम्ही उलटं अंग टाकलंत. ही बैलगाडी न्हाय!"

पाहुणे उठून गेले. आई चुलीपुढनं उठली नाही, पण तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

आप्पांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजी म्या पाडलं तुला?"

मी "होय" म्हणालो. आजही मला तो शब्द परत घ्यावासा वाटत नाही, आणि तो आठवला की बरंही वाटत नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. कुणी अपघाताचं विचारलं तर म्हणायचे, "मला काय कळतंय. शिकल्याला इचारा." एकदा त्यांची समजूत काढावी म्हणून मी पाटीवर चित्र काढलं. वळण, गाडी, बलाचे बाण, सगळं. त्यांनी पाटी लांब धरून बघितली. "बाण लई हाईत," म्हणाले, "गाडी ओढतंय कोण ते न्हाय काढलंस." आणि पाटी परत दिली.

एका रविवारी सकाळी मी गाडी पुसत होतो. आप्पा पागोटं बांधून बाहेर आले आणि गाडीजवळ उभे राहिले.

"चल. मला बशीव मागं."

"कुठं जायचंय?"

"कुठं न्हाय. कसं बसायचं ते दाव. म्या गाडीवान हाय. बसाय येत न्हाय म्हणून घेणार न्हाय कुणाकडनं."

गावाबाहेर तंबाखू वाळवायचं खळं होतं. हंगाम संपल्यामुळं मोकळं पडलेलं, सपाट. तिथं मी त्यांना मागं बसवून गोल फिरायला लागलो. पहिल्याच फेरीला ते उलटे झुकले.

"आप्पा, इकडं! माझ्याबरोबर!"

"जातोय की रं तिकडंच!"

"न्हाय जात! उलटं चाललाय!"

"अंगच जातंय, म्या काय करू? धरून ठेवू काय त्याला?"

त्या दिवशी आम्ही भांडत भांडत किती फेऱ्या मारल्या देव जाणे. ते चुकले की मी ओरडायचो, मी ओरडलो की ते गाडीवानाच्या ठेवणीतल्या शिव्या द्यायचे, मला नव्हे, गाडीला. दुसऱ्या रविवारीही तेच. शेवटी वैतागून मी म्हणालो, "आप्पा, अंगाचं सोडा. तुम्ही फक्त रस्ता बघा. उजवीकडं वळलो की माझ्या उजव्या खांद्यावरनं पुढं बघा, डावीकडं वळलो की डाव्या. पुढं काय हाय ते मला सांगा."

हे त्यांना पटलं. रस्ता बघणं त्यांचंच काम. ते खांद्यावरनं डोकावून सांगायला लागले, "दगड हाय... आता मोकळं हाय... कुत्रं बसलंय." आणि डोकावताना अंग आपोआप आतल्या बाजूला यायला लागलं. गाडी सुरीसारखी वळली. मी आणखी एक फेरी मारली, जरा जोरात. मग आणखी एक. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की बुटाची बाहेरची कड घासली आहे, म्हणजे मी चांगलाच झुकत होतो. त्यांच्यावर ओरडण्यात माझे हात ताठ करायचं राहूनच गेलं होतं.

मे महिन्यात आम्ही घाटावर गेलो. वर पोचल्यावर मी गाडी बंद केली. खालचं पहिलं वळण दिसत होतं. मी पेट्रोलचा कॉक बघितला, आरसा पुसला, परत कॉक बघितला. आप्पा मागं बसूनच होते.

"जायाचं हाय का हितंच जेवायचं?" ते म्हणाले.

पहिल्या खेपेला मी घाट इतका हळू उतरलो की मागं एस.टी. अडकली आणि ड्रायव्हर सगळा घाटभर हॉर्न वाजवत राहिला. तिसऱ्या वळणाला हात ताठ झालेच. गाडी जवळजवळ थांबली. आप्पा उजव्या खांद्यावरनं कानात म्हणाले, "मोकळं हाय." मी ब्रेक सोडला. वळण घेतलं ते वेडंवाकडंच, पण पाय टेकवला नाही.

खाली आल्यावर मी म्हणालो, "परत एकदा." आप्पा म्हणाले, "दोनदा." आम्ही दोनदा केला. तिसऱ्या खेपेला एस.टी.ला आम्ही मागं टाकलं, पण ते चढावर, त्यात काही विशेष नाही.

नंतर मी एकटा जायला लागलो. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस मध्येच हात परत ताठ व्हायचे आणि स्वतःवरच चिडून मी दात-ओठ खात उतरायचो. भीती अमुक दिवशी गेली असं मी सांगू शकत नाही. ती होती आणि मी उतरत होतो. चिक्कोडीचा वळसा मात्र मी परत घातला नाही.

मृग लागायच्या आत माझी फिरती पूर्ण सुरू झाली. गोडाऊनवर दुसरा माणूस नेमला गेला. पुढची नऊ वर्षं तो सगळा भाग मी मोटारसायकलवरनंच सांभाळला, आणि तवंदीच्या घाटात परत पडलो नाही.