पऱ्हाटीवर हळद शिजवणारे गंगाधरमामा

गंगाधरमामा माझ्या दुकानात कधी बसले नाहीत. वारंगा फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान. ते यायचे, चहाचा कप हातात घेऊन येरझाऱ्या घालायचे आणि बोलता बोलता माझंच सामान इकडचं तिकडे करायचे. "मामा, टेका की जरा," म्हटलं, की म्हणायचे, "टेकलं की माणूस गंजते बाबा."

हळदीच्या दिवसांत ते शिजवणीचा कुकर ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरत आणि लोकांची हळद वाफेवर शिजवून देत. कुकरखालच्या भट्टीला ढिगानं लाकूड लागे. एकदा ते तणतणतच आले.

"एका रानात कापूस येचून झालेल्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून राहिले, अन् बाजूच्या बांधावर माह्या भट्टीसाठी बाभूळ तोडून राहिले. दोन्हीकून धूरच! पऱ्हाटीच भट्टीत काहून घालू न्हाई? मला भट्टी बदलून दे."

मी भट्टीचं तोंड लहान करून दिलं. चाचणी घ्यायचाही मामांना धीर नव्हता. कुकर घेऊन थेट साखऱ्याला गेले. पऱ्हाटी भसकन पेटली आणि तशीच विझली. वाफ धरेना. हळद कच्ची राहिली. शेतकरी भडकला, "वर्साचं पीक हाय माहं! तुमचे खेळ तुमच्या घरी करा."

मामांनी वाद घातला नाही. "चुकलं माहं," म्हणाले, लाकूड आणलं, सगळी हळद नीट शिजवून दिली आणि तसेच माझ्याकडे आले. "तोड ही भट्टी. पुन्ना बांध."

त्या उन्हाळ्यात आम्ही ती कितीदा उघडली आणि जोडली! शेवटी पऱ्हाटीचे बारीक तुकडे, खाली लोखंडी जाळी आणि बाजूनं पंखा, असं जुळलं. वाया जाणारं गरम पाणीही त्यांनी पुन्हा टाकीत वळवलं. राख शेतकऱ्यालाच देत, "तुमच्या रानाचं तुमच्याच रानात." पुढच्या हंगामात लाकडाची ढलपीसुद्धा जाळली नाही. तरी चैन नव्हतंच. "माहं एकट्याचं झालं. बाकीचे कुकरवाले?" म्हणत मोटारसायकलला किक मारायचे.

गेल्या माघात, शिजवणी ऐन भरात असताना, रानातच छातीत कळ आली आणि मामा गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्याच सकाळी मामी दुकानात आल्या.

"लोकायची हळद पडून हाय. भट्टी कशी पेटवायची, तेवढं दाखवा."

"मामी, इतक्यात कशाला?"

"हळद थांबते व्हय?"

मी शटर ओढलं आणि त्यांच्यासोबत निघालो. पहिली पऱ्हाटी त्यांनीच टाकली. बऱ्याच वेळानं वाफ धरली. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बराबर हाय का?"

"बराबर आहे, मामी."

तेव्हा कुठे त्या रडल्या.