नऊ जी म्हणजे किती?

उमरग्याच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून त्या आठवड्यात नववीचा त्यांचा तास माझ्याकडं आला. वेळ काढायचा म्हणून मुलांना मोबाइलवर लढाऊ विमानाचा व्हिडिओ दाखवला. विमान गर्रकन वळलं, वैमानिकाची मान छातीवर पडली. खाली लिहिलेलं होतं, ‘नऊ जी’.

"सर, जी म्हणजे काय?"

"वेग. फार वेग झाला की माणसाला सोसत नाही," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचे वडील हैदराबाद रोडला ट्रक चालवतात. "पण सर, पप्पा म्हणतात, गाडी ऐंशीनं सरळ चालली तर कायच कळत न्हाय. करकचून ब्रेक मारला न्हायतर वळण आलं, तरच अंग फेकलं जातंय. मग नुसत्या वेगानं कसं होईल?"

मी म्हणालो, "तुझ्या पप्पांनी विमान चालवलंय का कधी?"

वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली.

घरी जाऊन वाचलं. तिचंच बरोबर होतं. जी हे वेगाचं माप नव्हेच. वेग किंवा दिशा किती झपाट्यानं बदलते, त्या त्वरणाचं ते माप. नुसतं उभं असताना आपल्याला आपलं जे वजन जाणवतं, तो एक जी. नऊ जी म्हणजे तेच वजन नऊपट. डोक्याकडं रक्तसुद्धा चढत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं फळ्यावर नीट समजावलं. ट्रकचा ब्रेक, वळण, सगळं. जणू मलाच सुचलं होतं. ‘काल चुकलो’ एवढं ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलं. ती मान खाली घालून लिहून घेत होती. त्यानंतर वर्षभर तिनं माझ्या गणिताच्या तासालाही हात वर केला नाही.

पालकसभेला तिचे वडील तिला घेऊन आले. "सर, पोरगी सांगत हुती, तुम्ही ब्रेकवरून लई झ्याक समजावलं. आमच्या धंद्यातलं पुस्तकात असतंय, म्हाईतच नव्हतं."

वर्ग हसल्याचं तिनं घरी सांगितलंच नव्हतं. मी तिच्याकडं पाहिलं. ती भिंतीवरचा नकाशा बघत होती.

"ते तिनंच मला शिकवलं," मी कसंबसं म्हणालो.

ते मोकळेपणानं हसले. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. आणि मी तो तसाच वाटू दिला.