काटा हिरव्यातच होता

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाही. बायकोले नाही, धंद्यातल्या मानसाले तं नाहीच. तुमाले सांगून राहिलो, कारन तुमी मले ओळखत नाही. ओळखत असते तरी तुमाले मी कसा वाटतो याची मले पर्वा नाही. दया करायची असंन तं दुसरा मानूस पाहा.

भिलाईत कॅम्प-वनमधे माझं गॅरेज आहे. ट्रकचं टर्बोवालं इंजिन मी 'खोलतो' — म्हनजे डिझेल जास्त, हवा जास्त, का भरलेली गाडी चढावर दम सोडत नाही. पन मंग इंजिनातून निघनारा धूर तापते. एवढा तापते का पिस्टन वितळते, टर्बो फुटते. म्हनून मी गाडीत मीटर लावतो. धुराच्या पाइपात सेन्सर, ड्रायव्हरसमोर काटा. काटा हिरव्यात, तं चालू द्या. लालात गेला, तं पाय उचला. बस.

आता ईश्वर.

ईश्वर ड्रायव्हर होता. भंडाऱ्याकडचा, आमच्यासारखाच, त्याचा बाप अन् माझा बाप भिलाईच्या लोखंडाच्या प्लांटात एकाच शिफ्टले जात. मले तो आवडत नव्हता. नाही — खरं सांगाले बसलो ना? मी त्याचा दुस्वास करत होतो. चार मानसांत मले 'पानावाला' — म्हनजे नुसता पाने पिळनारा — म्हनायची त्याची सवय, ते तोंड वर करून हसनं. अजूनही आठवलं का डोकं तापते.

तो ज्या मालकाचा ट्रक चालवत होता, त्याचं इंजिन मी खोललं. लोखंड भरून बस्तरकडे जायची गाडी. पहिलीच खेप करून ईश्वर आला अन् भर गॅरेजात मालकाले म्हने, "काटा पाहून चालवली तं घाटात बैलगाडी पुढं जाते. या पानावाल्याले जमलंच नाही."

मालक हसला. गिऱ्हाईकं हसली.

तो खोटं बोलून राहिला होता का? नाही. मी सांगतलं तेच तो करत होता — काटा लालाकडे सरकला का पाय उचलत होता. डिझेल मीच प्रमानाबाहेर वाढवलं होतं. थोडं कमी करायचं होतं, एवढंच. पन कमी करनं म्हनजे त्याच्यापुढं हारनं. अन् त्याच्यापुढं मी — कावून हारू?

मंग मी काय केलं?

टर्बोत शिरायच्या आंधी धूर सगळ्यात तापलेला असते. टर्बोतून बाहेर पडला का बराच थंड होते. सेन्सर आंधीच्या बाजूले होता. मी तो काढून टर्बोच्या मांगं बसवला, जुन्या भोकात बोल्ट पिळला. इंजिन तेवढंच तापत होतं. फक्त काट्याले ते दिसत नव्हतं.

काय होऊ शकते ते मले माहीत होतं. समजलं नाही, चुकून झालं, असं काही नाही — माहीत होतं.

पुढच्या खेपेहून ईश्वर आला तो मिठाईचा डबा घेऊन. सगळ्यांसमोर म्हने, "मानलं भाऊ तुले. चढावर हत्तीवानी जाते अन् काटा जागचा हलत नाही." त्यानं हात पुढं केला. मी मिळवला. तवा बोलता आलं असतं ना? "गाडी आत घे, काम बाकी आहे," एवढं म्हनलं असतं तरी भागलं असतं. मी मिठाई खाल्ली. अन् मले मजा वाटून राहिली होती.

मंग केशकालच्या घाटात टर्बो फुटला. तापल्या पाइपावर तेल उडालं, आग लागली. मांगं भरलेली बस होती. ईश्वर उडी मारून पळाला नाही. गाडी कडेले लागेपर्यंत त्यानं स्टेअरिंग सोडलं नाही. दोन्ही हात भाजले.

जळालेली गाडी माझ्याच गॅरेजात आनली. मालक यायच्या आंधी मी सेन्सर परत जुन्या जागी बसवला. ईश्वर आला, हाताले पट्ट्या. "काटा हिरव्यातच होता," तो म्हने, "लेकराची शपथ, हिरव्यातच होता." मालकानं माझ्याकडे पाह्यलं.

मी म्हनलं, "काटा तं सांगते. पाहनाऱ्याले डोळे पाह्यजे."

कोनीतरी हसलं. मालकानं त्याले तिथंच काढून टाकलं. पुढं दुर्ग-भिलाईत कोनी त्याच्या हाती ट्रक देला नाही — गाडी जाळनारा ड्रायव्हर म्हनून. तसंही त्याची बोटं आता पुरी मिटत नाहीत.

तो आता वैशाली नगरात एका सोसायटीच्या गेटवर चौकीदार असते. मागच्या हिवाळ्यात मी तिथं एका गिऱ्हाइकाकडे गेलतो. त्यानं ओळखलं, खिडकीपाशी आला. मले वाटलं, शिव्या देईन. मी तयार होतो. माझ्याही तोंडात शिवी तयार होती.

तो म्हने, "भाऊ, मी लय विचार केला. काटा लालात गेलाच असंन. माझंच ध्यान नसंन. तू तं सांगतलं होतं मले."

मी म्हनलं, "होते असं कधी कधी."

त्यानं मनगटानं गेटचा दांडा वर केला. मी गाडी आत घेतली.