मालकाच्या मापाची रायफल

आमच्या अरबी मालकाने ती रायफल स्वतःच्या मापाने बनवून घेतली होती. अल ऐनजवळच्या खासगी शिकारक्षेत्रात त्याने ती माझ्या हातात दिली. ‘यल्ला, मार!’ नोकरी करणारा नाही कसं म्हणणार? लांब दस्ता माझ्या खांद्यावर नीट बसेना. गोळी हरणाच्या कमरेत घुसली. ते पुढच्या दोन पायांवर फरफटत ओरडत राहिलं. सोबतचा गाईड जीपमधून सुरी आणेपर्यंत मला ते ऐकवेना. मी दुसरी गोळी डोक्यात घातली.

गाईड माझ्यावर भडकला. ‘तू हिंदू. जिवंत असताना मी गळा चिरला असता, तर हलाल झालं असतं. आता कोण खाणार?’

तिथेच खड्डा खणून हरीण त्यात टाकलं. मालकाने दस्त्यावरचा माझ्या गालाचा घाम रुमालाने पुसला आणि रुमाल त्याच खड्ड्यात टाकला.