कासव, मी आणि संक्रांतीचा नवा लेंगा

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासऱ्यांनी मला नवा लेंगा दिला आणि त्याच संध्याकाळी तो एका कासवानं नेला.

मी तेव्हा कर्जतला भातगिरणीत कारकून होतो. सासुरवाडी कडावची. सासरे गावातले मोठे शेतकरी, बोलायला रोखठोक, आणि आपली सुमन एका कारकुनाला दिली हे त्यांना अजून पचलेलं नव्हतं. म्हणून त्या सणाला आपलं थोडं वजन पडावं अशी माझी फार इच्छा होती. (शरीराचं वजनही तेव्हा बेताचंच होतं, पण तो विषय वेगळा.)

कापणी झालेल्या शेतात जत्रा भरली होती. पाळणे, बांगड्या, भजी, आणि एका कोपऱ्यात मोठा तंबू. त्यावर पाटी होती : 'समुद्राच्या तळाशी चला. जिवंत जलचरांची समक्ष भेट.' आत खोलीएवढी पत्र्याची टाकी, समोरची बाजू तेवढी काचेची. टाकीत काही मासे आणि परातीएवढं एक कासव.

सासऱ्यांनी काचेला नाक लावलं. "समुद्र कसला रं, ही तर आपल्या ओढ्यातली मरळ हाय."

तंबूवाला कर्ण्यावरून ओरडत होता, "डोक्याला टोप, टोपाला नळी, नळीतून हवा. श्वासाची चिंता नाय. कोण उतरतंय?"

कोणी हललं नाही. सासरे माझ्याकडे वळले. "जावय, पवता येतं का तुमाला?"

"मामा, मी नदीकाठी वाढलोय."

यात खोटं काही नव्हतं. फक्त नदीची आणि माझी ओळख काठापुरतीच होती.

"मग जावा की."

"अहो, नका," सुमन पुटपुटली. तिला माझी काळजी वाटतेय असं समजून मला आणखीच जोर चढला. मी सदरा काढून तिच्या हातात दिला.

पितळेचा टोप भरल्या घागरीएवढा जड होता. डोळ्यांसमोर बशीएवढी काच. नळीचं दुसरं टोक लोहाराकडे असतो तसल्या भात्याला जोडलेलं, आणि भाता दाबायला तंबूवाल्याचा भाऊ. कासवाला भरवायला म्हणून मला मेथीची जुडी दिली. शिडी उतरायला दोन्ही हात हवेत, म्हणून मी ती लेंग्याच्या नाडीत खोचली. (इथे वाचकांनी माझ्या बुद्धीला हसून घ्यावं, पुढे वेळ मिळणार नाही.)

"काय झालं तर हात वर करून हलवायचा," तंबूवाल्यानं बजावलं, "लगेच वर घेतो."

पाणी इतकं गार होतं की पहिला श्वास मी घेतलाच नाही. दुसरा घेतला आणि ठसका लागला. भात्यावरचा भाऊ विडी ओढत होता. पाण्याच्या तळाशी उभं राहून मी आयुष्यातली पहिली विडी ओढत होतो, तीही दुसऱ्याची.

एवढ्यात कासवाला मेथी दिसली.

ते सावकाश आलं, अगदी पंगतीला आल्यासारखं. एक घास मेथीचा घेतला. दुसऱ्या घासात मेथीबरोबर नाडी गेली. मग ते मागे सरकलं आणि नाडीची गाठ सुटली.

आता माझी पंचाईत समजून घ्या. लेंगा धरायला दोन हात हवेत. शिडी धरायला दोन हात हवेत. हाक मारायला एक हात हवा. आणि काचेपलीकडे, अगदी पुढच्या रांगेत, सासूबाई.

मी लेंगा धरला. कासवानं ओढला. मी ओढला. कर्ण्यावरचा आवाज आतपर्यंत येत होता : "बघा मंडळी, पाहुणे कासवाशी खेळतायत. मुक्या जीवाला माया कळते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विडीचा नवा झोत आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा अब्रूपेक्षा जीव मोठा असं ठरवून मी एक हात वर केला आणि जोरजोरात हलवला. सासऱ्यांनीही हसत हसत हात हलवला. नंतर कळलं, ते शेजारच्यांना सांगत होते, "आमचा जावय. आपल्यालाच हात करतोय."

मग मी दुसराही हात वर केला.

लेंगा शांतपणे निघून गेला. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती, हे नशीब. सासूबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. सुमन माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून हसत होती. लग्नानंतर तिला इतकं हसवणं मला पहिल्यांदाच जमलं होतं.

दोघातिघांनी मला वर ओढलं. टोप काढला, सासऱ्यांनी खांद्यावरची घोंगडी माझ्या कमरेला गुंडाळली. तंबूबाहेर रांग पाळण्यांपर्यंत गेली होती. सगळ्यांना तोच खेळ पुन्हा बघायचा होता.

तंबूवाला धावत आला. "पाहुणे, जत्रेजत्रेला येता का आमच्याबरोबर? रोज दोन खेळ. जेवण आमच्याकडे."

मी रागानं लाल झालो. पण मी तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "नोकरी कायमची हाय का?"

तो अपमान मी मुकाट्यानं गिळला. कारण खरं सांगायचं तर, तंबूवाला काय म्हणतो ते ऐकायला मीही कान टवकारले होते.