भाऊकाका, क्रूझर आणि राखणदाराच्या वहाणा

भाऊकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारगळला, हायवेच्या कडेला, त्यांच्यासाठीच तवशी, आपल्याकडच्या मोठ्या काकड्या, निवडत होते. पलीकडून त्यांची मुलगी सुजाता एवढंच म्हणाली, "ताई, बाबा गेले..." आणि मी उगाच विकणाऱ्या बाईला पैसे देऊन तवशी घेतलीच. कोणासाठी, देव जाणे!

काका गोव्यातल्या पार्शे गावचे. गोवा मुक्त झाल्यावर मिसरूड फुटताच नौदलात गेले आणि क्रूझर जातीच्या युद्धनौकेवर तोफखान्यात लागले. निवृत्तीनंतर काजूची बाग सांभाळली, पण जीव अडकला होता तो क्रूझरमध्येच. सोप्यावर काजूबिया मांडून ते आम्हा पोरांना महायुद्ध शिकवत. इंग्रजांचा पसारा जगभर, म्हणून त्यांच्या क्रूझर दूरच्या समुद्रांत व्यापारी जहाजांच्या वाटा राखायच्या. जर्मन त्याच वाटांवर आपली एकेकटी क्रूझर शिकारीला सोडायचे. जपान्यांनी टॉर्पेडो देऊन त्यांना अंधारातल्या लढाईत तरबेज केलं, तर अमेरिकनांनी विमानवाहू नौकांभोवती उभं करून शत्रूची विमानं टिपायला लावलं. "मग सगळ्यांत भारी कोणाची?" मी विचारायची. काका बिया गोळा करत म्हणायचे, "भारी कोणाची ता इचारू नको गे. ती कोणाक राखी होती, ता इचार." काकू आतून ओरडायची, "बियो भाजूक हव्यो आसत, तुमचा युद्ध आटपा!"

एकदा गावाने त्यांचा सत्कार ठरवला. वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभारायची होती. सूत्रसंचालकाने उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की एकाहत्तरच्या युद्धात भाऊंनी शत्रूची बोट बुडवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गप्प बसले असते तर कमान नक्की होती. पण काका उठले आणि माईक हातात घेतला. "खोटा सांगू नकात. माझ्या तोफेन एक पण बोट बुडवूक नाय. आमी पारो केलो, रातदीस राखण केली." सभा गार पडली. मागून कोणीतरी म्हणालं, "मगे कमानीर लिवचा तरी किदें?" काका शांतपणे म्हणाले, "आपलो राखणदार देव कोणाक मारता? गावाची शीव फिरता, इतक्याच ना? मगे तेका दर वर्साक नव्यो वहाणो कित्याक दितास?" बायकांच्या बाजूने पहिली टाळी वाजली, ती काकूची. मला त्या दिवशी काकांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा बोट बुडवली असती तरी वाटला नसता.

कमान काही झाली नाही. बोलणी हवेत विरली, आणि काकांनीही पुन्हा विषय काढला नाही. संध्याकाळी बागेची शीव फिरून यायचे आणि वहाणा उंबऱ्याशी बाहेर तोंड करून ठेवायचे. "बोट धक्क्याक लावची ती तोंड दर्याक करून. केन्ना निघूचा लागात, सांगूक येता?" काकू वैतागायची. वहाणा अशा ठेवल्या की घरातला माणूस निघाल्यासारखा वाटतो, म्हणून ती त्या रोज आत वळवायची.

गेल्या आठवड्यात, काका गेल्यानंतरचा पहिलाच, राखणदाराचा मान होता. रोट, नारळ, नव्या वहाणा, सगळं रीतीप्रमाणे झालं. परतताना गावकरी काकांच्या दारात थांबले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने कोऱ्या वहाणांचा दुसरा जोड पायरीवर ठेवला. "वयनी, ह्यो भाऊंच्यो."

काकू पायरीपर्यंत आली. मग खाली वाकली आणि वहाणांचं तोंड बाहेर केलं.