छत्तीस ट्रक मोजून घेतलेला शेअर

वरूडच्या संत्र्यांत माझी तीस वर्षं गेली. झाडावरचा माल तोडणीआधीच एकगठ्ठा विकत घ्यायचा, हा आमचा धंदा. बगीच्यात शिरायचं, कडेची झाडं सोडून पार मधल्या झाडाखाली उभं राहायचं, मान वर करायची आणि शेतकऱ्याला सांगायचं, एवढे कॅरेट निघतील, एवढे पैसे देतो. कडेची झाडं सोडायची, कारण आमच्यासारखे व्यापारी रस्त्यावरूनच बघतात हे शेतकऱ्याला ठाऊक असतं आणि तो तीच झाडं जास्त जपतो. माझा अंदाज सहसा चुकत नसे. चुकला तर मी कोणाला सांगत नसे, त्यामुळे माझं नाव चांगलं होतं.

मग गुडघ्यांनी संप केला आणि मी अमरावतीला घरी बसलो. त्याच सुमारास बायकोच्या माहेरचं, हिवरखेडचं वावर विकलं गेलं आणि तिच्या वाट्याचे पैसे आले. ते तिला शेअर बाजारात गुंतवायचे होते. ही अक्कल तिच्या मोठ्या बहिणीची. ताई अकोल्याला असतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे समोरचा माणूस चुकणार हे धरूनच बोलतात.

बायकोनं पैशांचे दोन भाग केले. अर्धे स्वतःच्या खात्यात, ताईंच्या सल्ल्यानं. अर्धे माझ्या खात्यात, माझ्या अकलेवर.

"पाहा बाप्पा," ती म्हणाली, "हे माह्या बापाचं वावर आहे. आपल्या दोघांच्या म्हातारपणाले पुरलं पाहिजे. वर्षभर तुमचं पाहतो. जमलं तर बाकीचं बी तुमच्याच हवाली."

ताईंनी तिला ईटीएफ घेऊन दिला. पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र बांधलेलं गाठोडं, आणि त्या गाठोड्याचं युनिट बाजारात शेअरसारखं घेता-विकता येतं. ऐकूनच मला कसंतरी झालं. ज्या कॅरेटमध्ये मोठं फळ, मधलं फळ आणि चुरी, म्हणजे अगदी बारकं फळ, एकत्र भरलेलं असतं, त्याला मंडईत कोणी विचारत नाही. माल निवडायचा असतो. तीस वर्षं मी तेच केलं होतं.

"ताई, हा तर सगळा मिक्स माल," मी फोनवर म्हणालो. "पैसे देऊन चुरी काहून घ्यायची?"

"तुमी निवडून घ्या, जवाईबापू. तुमचे डोळे तयार आहेत. आमाले चष्मा आहे, आमाले मिक्सच बरा."

तरी त्यांचा मान राखायला मी ईटीएफची यादी उघडली. त्याच पन्नास कंपन्यांचे सात-आठ वेगवेगळे ईटीएफ निघाले. मी त्यातलं सगळ्यात स्वस्त युनिट शोधलं आणि मोठ्या ऐटीत ताईंना कळवलं.

"युनिट स्वस्त म्हणजे माल स्वस्त नाही," त्या म्हणाल्या. "भाकर तेवढीच. एकानं चार तुकडे केले, एकानं चाळीस. वर्षाचा खर्च कोण किती कापते ते पाहा. अन् रोज घेणारे-विकणारे किती आहेत ते पाहा, नाहीतर विकायच्या दिवशी गिऱ्हाईकच नाही."

हे मला अगदी बरोबर वाटलं. म्हणूनच मी ईटीएफ घेतला नाही.

मी माझ्या पद्धतीनं निघालो. कागदावरचे आकडे कोणीही लिहितो, माल डोळ्यांनी पाहिला पाहिजे. अकोल्याच्या एमआयडीसीत पाकीटबंद फरसाण बनवणाऱ्या एका कंपनीचा कारखाना होता, आणि तिचा शेअर बाजारात होता. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर मी दोन दिवस बसलो. ट्रक मोजले. ताडपत्र्या घट्ट आवळलेले, भरगच्च, छत्तीस ट्रक आत गेले. वरूडला पॅकिंगच्या शेडपुढे एवढे ट्रक लागले की आम्ही समजतो, यंदा यांची चांदी आहे. चहावाल्यानं "साहेब, पोलीसमधी आहात काय?" असं विचारलं तेव्हा तर छाती आणखी फुगली. घरी येऊन हातातल्या रकमेतला मोठा हिस्सा त्या एकाच शेअरात घातला.

शेअर पहिले दोन महिने वर गेला. अमरावतीत ज्याला ऐकायचं होतं त्याला आणि ज्याला नव्हतं त्यालाही मी छत्तीस ट्रकांची कथा सांगितली. मग शेअर खाली यायला लागला. मी कथा सांगणं थांबवलं, पण बायकोनं विचारलं की "मस्त चाललं आहे" म्हणणं काही थांबवलं नाही. आज ना उद्या चढेल असं वाटत होतं. शेअर माझ्या गुडघ्यांसारखा निघाला, चढायचं नावच घेईना.

वर्ष झालं आणि आम्ही दोघं अकोल्याला ताईंकडे गेलो. सकाळी चहा झाल्यावर मी पान खायला म्हणून बाहेर पडलो आणि रिक्षा करून थेट टपरी गाठली. म्हटलं, ट्रक अजून चालू असतील तर धीर धरू. ट्रक चालू होते. रांगच लागली होती. माझ्या जिवात जीव आला.

"धंदा जोरात दिसते," मी चहावाल्याला म्हणालो.

"कायचा जोरात?" तो म्हणाला. "वर्ष-दीड वर्ष झालं, माल वापस येऊन राहिला. दुकानदार घेतच नाहीत. म्हणतात तेलाचा वास येते. भरलेले ट्रक आत जातात अन् रिकामे बाहेर निघतात, तुमाले दिसलं नाही काय?"

दिसलं होतं ना. रिकामे बाहेर निघताना मी चहा पीत होतो. संत्र्याचा ट्रक शेडमध्ये भरून जातो आणि रिकामा निघतो, तसंच हे, असं समजून पीत होतो.

परत आलो तर बायको सोफ्यावर फोन घेऊन बसलेली, चष्मा नाकाच्या टोकावर. बाजार नुकताच उघडला होता.

"ताई, विकायचं बटन कोणतं वं? हे लाल?"

"काय विकून राहिली?" मी दारातूनच ओरडलो.

"ईटीएफ. वर्ष झालं नं. तुमचं मस्त चाललं आहे म्हणता, तर माहं बी तुमच्याच खात्यात टाकतो. आपण बोलल्याप्रमाणं वागतो बाप्पा."

तिचा अंगठा त्या लाल बटणावर होता. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा चुकलेला अंदाज मोठ्यानं सांगितला. ट्रक, ताडपत्री, तेलाचा वास, किती बुडाले, सगळं. सांगताना मी उभाच होतो, कारण बसा असं कोणी म्हटलं नाही.

बायकोनं अंगठा बटणावरून काढला. बोलल्या त्या ताई.

"जवाईबापू, एक सांगा. वरूडले तुमी बगीच्यातलं एकच झाड घेत होता काय?"

"छे. अख्खा बगीचा घ्यायचा."

"चार झाडं वाळलेली असतील तर?"

"असतातच. ते धरूनच भाव करायचा. बाकीची झाडं भरून काढतात."

"मग हिच्या बापाच्या वावराचा पैसा एका झाडाले काहून बांधला? तेही कडेच्या?"

मी तीस वर्षं बगीचे घेतले आणि हे मला गणिताच्या बाईंनी समजावलं. माल निवडायचा असतो हे खरं, पण तोडल्यावर. घेताना मी कधीच निवडलं नव्हतं.

"अन् हो," ताई म्हणाल्या, "एका वर्षात हिचं वाढलं म्हणून ही शहाणी ठरत नाही. पुढच्या वर्षी ईटीएफ बी पडू शकते. पण पन्नास कंपन्यांचा माल एकदम वापस येत नाही."

मग बायको बोलली. "नुकसानीचं मले काही नाही. वर्षभर मस्त मस्त म्हणून राहिले, ते मले लागलं. मी आता बटन दाबलं असतं तर?"

मी फोन काढून तिच्या हातात दिला. तिनं फरसाणाचे शेअर विकायला काढले. घेणारे होते, हेच नशीब. पैसे आल्यावर ताईंनी दाखवलेला, खर्च कमी आणि उलाढाल जास्त असलेला ईटीएफ तिनं माझ्या खात्यात स्वतः घेतला. हळूहळू, दर महिन्याला थोडा, असं ठरलं. माझ्या खात्यातलं आता दर रविवारी तीच पाहते, आणि मी विचारलं तर मलाही दाखवते.

फरसाणाचे थोडे शेअर मात्र तिनं ठेवले. मी म्हटलं, तेही काढून टाक. तर म्हणाली, "राहू द्या तुमाले. दिवसभर त्याच्याकडे पाहत बसा. नाहीतर घरी बसून माह्या भाजीवालीले भाव शिकवान."

भाजीवालीनं तिच्याकडे काही तक्रार केली होती की काय, ते मी विचारलं नाही.